दातानं सोललेली वायर

आमच्या घरातल्या पुरुषांना वायर सोलायला हत्यार लागत नाही, दात लागतात, आणि याचा त्यांना अभिमान आहे. माझ्या थोरल्या दिरांना सगळं गाव दादा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. त्यांच्या वरच्या दोन दातांच्या मधोमध एक बारीक खाच आहे. वर्षानुवर्षं वायर त्याच जागी धरून ओढल्यानं ती पडली आहे. नवा माणूस भेटला, की दादा ओठ वर करून ती खाच दाखवतात. समोरच्यानं मग बाजारात बैलाचे दात बघावेत तसं वाकून बघायचं आणि मान डोलवायची.

"मापाची हाय," दादा म्हणतात. "अडीचची वायर बराबर बसती."

मला हे बघून किळस येते. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा आली होती, आजही येते. मध्ये इतकी वर्षं गेली, पण सवय झाली नाही. ओलसर दातांतून रबराची ती साल निघते, मग थू करून जमिनीवर पडते, आणि ती मला झाडावी लागते. सवय होण्यासारखं त्यात काही नाही.

गावात दादांना वायरमन म्हणतात. त्यांचं शिक्षण म्हणाल तर तरुणपणी लाईनमनची शिडी धरायला जायचे, एवढंच. पण शिडी धरणाऱ्याला वर काय चाललंय ते दिसतं आणि त्याला वाटतं आपल्यालाही आलं. त्यांच्याकडं एक पक्कड आहे. तिच्या मुठीवरचं प्लास्टिक कधीच गेलं, आता सायकलची ट्यूब गुंडाळली आहे. खिशाला पेनासारखा एक टेस्टर असतो. त्याचा दिवा लागत नाही, पण तो खिशाला असला की माणूस वायरमन दिसतो. काळी टेप असली तर टेप, नसली तर किराणा दुकानातल्या पिशवीची पट्टी. एवढ्या सामानावर त्यांनी अर्ध्या गावाच्या मोटारी जोडल्या आहेत.

जोडायची पद्धत एकच, पिळा. दोन वायरी दातानं सोलायच्या, एकमेकींवर ठेवायच्या आणि पकडीनं पिळायच्या. मोटारीच्या बोल्टाला जोडायची असली तर वायर बोल्टाभोवती वळवायची आणि वर नट आवळायचा. दातानं सोलताना तांब्याच्या काही तारा तुटतात. त्या तुटल्या तर तुटल्या, उरलेल्यांवर भागवायचं.

"म्या असा पिळा मारतो," दादा सांगायचे, "की येक येळ मोटार जळंल, पण पिळा सुटायचा न्हाय."

पुढं अगदी तसंच झालं. मोटार जळली आणि पिळा सुटला नाही.

ती मोटार माझ्या गिरणीची होती. लोहाऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची एक खोली आहे, तिथं पिठाची गिरणी आहे. ती सासऱ्यांनी टाकलेली. ते गेल्यावर ती चालवायला दोघा भावांपैकी कुणी तयार नव्हतं. अंगावर पीठ बसतं, केस पांढरे दिसतात, लोक हसतात, असं त्यांचं म्हणणं. घरात उरलेली भाजी जशी सुनेच्या ताटात येते तशी गिरणी माझ्याकडं आली. मी ती घेतली आणि मग सोडली नाही.

जात्याच्या दगडाला टाकी मीच लावते. पट्टा मीच चढवते. ज्वारीनंतर कुणाचे गहू टाकायचे, कुणाच्या पिठात कुणाचं मिसळतं, हे मला आवाजावरून कळतं. दाराशी एक लाकडी स्टूल आहे, त्यावर मी बसते. घरात मला बसायला जागा नाही असं नाही, पण बसलेली सून घरात कुणाला बघवत नाही. गिरणीत मी बसलेली असले तरी काम चाललेलं असतं, त्यामुळं कुणाला काही म्हणता येत नाही. बायका डबे ठेवून गप्पा मारतात, सीमेकडच्या दोघी-तिघी आपसात कानडी बोलतात, मी ऐकते. आधी मी अमक्याची बायको होते, आता गिरणीवाली आहे. हे मला फार आवडतं आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

आता मेनचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आलं.

आमच्याकडं वायरीचं काम निघालं, की घरातल्या एका माणसानं मेन स्विचचा दांडा खाली पाडायचा आणि काम संपेपर्यंत तिथंच उभं राहायचं. कुणी येऊन दांडा वर करू नये म्हणून. फ्यूज काढून खिशात घालावा हे दादांना कधी सुचलं नाही. सुचलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण फ्यूजच्या जागी त्यांनीच तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं असं ठोकून बसवलं होतं की ते निघतच नव्हतं. म्हणून माणूस उभा करायचा. तोच आमचा फ्यूज.

सुरुवातीला माझा नवरा उभा राहायचा. तो गरीब माणूस आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि त्याचं लक्ष कधीच एका जागी नसतं. एकदा दादा मोटारीपाशी उकिडवे बसले होते, दातात वायर होती. त्यांना काहीतरी दिसलं म्हणून ते म्हणाले, "थांब." आता दातात वायर धरलेल्या माणसाचं 'थांब' आणि 'टाक' सारखंच ऐकू येतं. नवऱ्यानं दांडा वर टाकला.

दादा उडून दळणाच्या डब्यांवर जाऊन पडले. वाचले, एवढंच. जीभ भाजली होती. कितीतरी दिवस ताकात कुस्करलेली भाकरी खात होते आणि जेवताना कुणी बघितलं की ताट घेऊन तोंड फिरवून बसत होते. एवढं झाल्यावर माणूस काय करील? एक स्ट्रिपर विकत आणील. वायर सोलायचं साधं हत्यार, त्याला मापामापाची भोकं असतात, वायर भोकात धरायची, दाबायचं, ओढायचं, साल निघून येते, एक तार तुटत नाही. दादांनी ते आणलं नाही. त्यांनी मेनपाशी उभं राहायचा माणूस बदलला. नवऱ्याला काढून मला उभं केलं.

मला कुणी विचारलं नाही. दादा माझ्याशी बोलतच नसत. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्यानं थेट बोलायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. भाकरी हवी असली तर ते चुलीकडं बघून "भाकर हाय का?" म्हणतात आणि जणू भाकरीच उत्तर देणार आहे असं थांबतात. मला काही सांगायचं असलं तर नवऱ्याला सांगतात, मी शेजारी उभी असले तरी. "तिला म्हणावं" असं त्यांचं वाक्य सुरू होतं. मीही डोक्यावर पदर घेऊन खांबाशी बोलल्यासारखं बोलते.

पण वायर तोंडात घालायच्या आधी ते माझ्याकडं बघायचे आणि थेट मला विचारायचे, "मेन पाडलाय ना?"

मी म्हणायचे, "व्हय."

मग ते वायर दातात धरायचे. इतक्या वर्षांत आम्हा दोघांत झालेलं संभाषण ते एवढंच.

मोटार पहिल्यांदा जळली तेव्हा दादा म्हणाले, कंपनी खराब. वायंडिंग करून आणली, दादांनीच जोडली, त्याच पद्धतीनं. शिवाय स्टार्टर सारखा पडतोय म्हणून त्यातला रिले काढून टाकला आणि डायरेक्ट केला. रिले म्हणजे मोटारीवर ताण आला की स्टार्टर पाडणारा भाग. म्हणजे कुत्रं भुंकतंय म्हणून कुत्रंच हाकलून दिलं. थोड्याच दिवसांत बोल्टापाशी वायर तापून जळाली, पिळा तसाच राहिला, तीन फेजांपैकी एक गेला, उरलेल्या दोनांवर मोटार घुमत राहिली आणि दुसऱ्यांदा जळली. खोलीत वार्निश जळाल्याचा वास कोंडला. ज्वारीच्या पिठालाही तो लागला आणि बायकांनी पीठ परत आणून दिलं. या वेळी दादा म्हणाले, बाईमाणसानं मोटार चालवली की असंच व्हायचं, दाणे टाकायचा अंदाज नसतो.

मग मी ताटं वाढत असताना घरात निर्णय झाला. पुन्हा मोटार जळली तर गिरणी मोडीत काढायची आणि त्या खोलीत दादांनी इलेक्ट्रिकलचं दुकान टाकायचं. निर्णय मला नवऱ्यानं सांगितला, तोही ताटाकडं बघत. जणू मी तिथं नव्हतेच, जणू आमटी त्यांच्या ताटात आपोआप पडत होती. ज्या माणसाच्या पिळ्यानं मोटार दोनदा जाळली, त्यालाच ती तिसऱ्यांदा जळाल्यावर बक्षीस म्हणून खोली मिळणार होती. दादांनी मोटार मुद्दाम जाळली असं मी म्हणत नाही. मुद्दाम जाळायला आधी जोडता यावी लागते.

त्या दुसऱ्या खेपेला वायंडिंगच्या दुकानात मी स्वतः गेले. वायंडिंगवाला तोंडात गुटख्याचा तोबरा धरून बोलत होता, त्यामुळं त्याचं अर्धं बोलणं मला अंदाजानं घ्यावं लागलं. त्यानं जळका बोल्ट दाखवला. वायरीच्या तारा काळ्या पडून चुऱ्यासारख्या झाल्या होत्या.

"हितं थिंबल पायजे," तो म्हणाला. "मालकाला म्हणावं थिंबल पंच करा. नुसती वायर गुंडाळून चालत न्हाय."

थिंबल म्हणजे तांब्याचं एक लहानसं टोपण. एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूला कडी. सोललेली वायर नळीत घालायची, नळी हत्यारानं दाबून वायरीशी एकजीव करायची आणि कडी बोल्टात घालून वर नट आवळायचा. मग तारा सुट्या राहत नाहीत, तापत नाहीत, सुटत नाहीत. इतकी साधी गोष्ट आहे. ती न करण्यासाठी आमच्या भागातल्या बाप्यांनी जेवढी अक्कल खर्च केली आहे, तेवढ्यात नवीन काहीतरी शोध लागला असता.

लोहाऱ्यात दुकानदाराला मी थिंबल दाबायचं हत्यार मागितलं. त्यानं मला पक्कड दिली. मी म्हटलं, पक्कड नको, दाबायचं. तो म्हणाला, "सगळे पकडीनंच दाबत्यात की. न्हायतर हातोडी मारा." मग नवऱ्याला बोलवा म्हणाला, त्यांना कळेल. माझ्या नवऱ्याला काय कळतं ते मला माहीत होतं, म्हणून मी थिंबलं तेवढी घेऊन निघाले. दाबायचं हत्यार, स्ट्रिपर आणि कटर मी पुढं सोलापूरला बहिणीकडं गेले तेव्हा आणली. तिथल्या दुकानदारानं बाई बघून तोंड वाकडं केलं, पण हत्यार बरोबर दिलं.

दाबायच्या त्या हत्याराची एक गंमत आहे. त्याच्या आत दाते असतात. एकदा मूठ दाबायला सुरुवात केली, की पुरती दाबल्याशिवाय ते तोंड उघडत नाही. अर्धवट दाबून सोडून देता येत नाही. कर्र कर्र करत शेवटच्या दात्यापर्यंत जावंच लागतं. हे कळलं तेव्हा मला त्या हत्याराबद्दल आदर वाटला. आमच्या घरात असा स्वभाव कुणाचाच नव्हता.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी त्याची ओळख सगळ्यांना झाली. आमच्याकडं वायरीची ती पक्कड आणि चुलीवरचं भांडं उतरवायची तीही पक्कडच. सासूबाईंची चुलीवरची पक्कड सापडत नव्हती. त्यांनी दिवळीत ठेवलेलं माझं नवं हत्यार घेतलं, चहाच्या जर्मनच्या भगुन्याचा काठ त्यात धरला आणि उचललं. चहा ओतला. मग मूठ सैल केली तर हत्यार सुटेना.

"ही सोडंना की गं," सासूबाई म्हणाल्या.

"आत्या, आजून दाबा," मी म्हटलं.

"आजून दाबू? सोडायचं हाय मला."

"दाबल्याबिगर सोडत न्हाय ती."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांना वेड लावायला ते आणलंय. दादा ओसरीवर होते. ते उठले, भगुनं हातात घेतलं आणि मूठ दोन्ही बाजूंना ओढून उघडायला लागले. मांडीत धरून ओढलं, तोंड लाल झालं. मी नवऱ्याला म्हटलं, "त्यांना म्हणावं, दाबा." नवरा म्हणाला, "दादा, दाबा म्हणती." दादा म्हणाले, "तिला म्हणावं, गप बस." शेवटी सासूबाईंनीच ते त्यांच्या हातातून घेतलं, दोन्ही हातांनी दाबलं, आणि ते सुटलं. भगुन्याच्या काठाला दातासारखा एक चेप पडला, तो अजून आहे. त्यात चहा केला की सासूबाई तो चेप अंगठ्यानं चाचपतात आणि हसतात.

दुसऱ्या दिवशी मोटार आली. दादा शेजारच्या गावाला गेले होते. मी मेन पाडला, ते तांब्याचं भेंडोळं हातोडीनं ठोकून काढलं आणि नीट फ्यूज बसवला. वायरीचा जळका भाग कटरनं कापला. स्ट्रिपरनं सोलली. सगळ्या तारा चकचकीत, एकही तुटलेली नाही. थिंबल घातलं, दाबलं, कर्र कर्र, शेवटचा दाता लागेपर्यंत. मग सगळ्या बोल्टांना कड्या बसवल्या. रिलेसुद्धा वायंडिंगवाल्याकडून स्टार्टरमध्ये पुन्हा घालून घेतला होता. मग दांडा वर करून स्टार्टरचं बटण दाबलं. मोटार सुरू झाली तेव्हा तिचा आवाज इतका एकसारखा होता की मी स्टुलावर बसून नुसती ऐकत राहिले.

दादांनी परत आल्यावर ते बघितलं. वाकून बघितलं, टेस्टर काढून उगाच इकडं तिकडं टेकवला आणि बाहेर जाऊन लोकांना सांगितलं, "वायरीला बांगड्या भरल्यात." लोक हसले. नंतर दळण आणणारा प्रत्येक बाप्या आत वाकून बघायचा आणि म्हणायचा, "कुठंय बांगड्या?" स्वतःच्या विहिरीवर ज्यांची मोटार दर हंगामाला जळते, ती माणसं माझ्या धडधाकट मोटारीला हसत होती. मी त्यांची ज्वारी दळून दिली.

गिरणी चालू राहिली. आणि मग येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, जवळ आली.

येळवशीच्या आधी आमच्याकडं दळणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. रानात पूजा असते, भज्जी, आंबील, उंडे, सगळ्याला पीठ लागतं. बाजरी, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, सगळ्यांना आजच हवं असतं. डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. लाईट गेली होती, दुपारी आली. मी स्टार्टरचं बटण दाबलं. स्टार्टर लागला आणि लगेच पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा पडला.

समोरच्या हॉटेलातला बल्ब विझलेला होता आणि त्याच्या शेजारच्या घरातला जळत होता. म्हणजे डीपीवरचा, गावाच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फेज गेलेला, आणि रिले मोटारीला वाचवत होता. त्याला तेवढ्यासाठीच बसवलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, "एक फेज न्हाय. लाईनमनला फोन लावा, येईस्तोवर थांबू." नवऱ्यानं फोन काढला, तोवर रांगेतून कुणीतरी दादांना बोलावून आणलं.

दादा आले. एवढी माणसं बघून त्यांची छाती फुगली. त्यांनी वाकून मोटार बघितली आणि मान हलवली.

"ह्या बांगड्यानं झालंय," ते लोकांना म्हणाले. "करंट आडतोय तितं. तिला म्हणावं, मेन पाड."

नवरा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "त्यांना म्हणावं, डीपीवर बघा आदी." दादांनी ऐकलं आणि ऐकलं नाही. रांगेतली माणसं म्हणाली, दादा म्हणत्यात तर बघू द्या की बाई, दळण खोळंबलंय. मी मेन पाडला. फ्यूज काढावा असं मनात आलं, पण हात तिकडं गेला नाही. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी दांड्याला हात लावून उभी राहिले.

दादांनी ती ट्यूब गुंडाळलेली पक्कड काढली आणि माझं थिंबल वायरीपासून कापलं. टक् असा आवाज झाला. ते जमिनीवर पिठात पडलं. मग दुसरं कापलं.

मला राग आला हे म्हणणं पुरेसं नाही. मला दिसलं ते असं. ते वायर दातानं सोलतील, बोल्टाला गुंडाळतील, रिले काढून डायरेक्ट करतील, आणि मोटार एका फेजविना घुमून पाचेक मिनिटांत जळेल. त्या वार्निशच्या वासात सगळं गाव म्हणेल की बांगड्यांनी जळली. मग हे स्टूल नाही. मग ह्या खोलीत दादा बसतील आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओठ वर करून खाच दाखवतील.

दादांनी वायर तोंडाशी नेली. थांबले. आणि नवऱ्याकडं नाही, भिंतीकडं नाही, माझ्याकडं बघून विचारलं, "मेन पाडलाय ना?"

"पाडलाय," मी म्हटलं. "पर म्या हितं थांबणार न्हाय."

मी दांड्यावरचा हात काढला आणि जाऊन स्टुलावर बसले.

मेन दाराजवळच आहे. तिथं माणसांची दाटी होती. कुणाचा खांदा, कुणाची पिशवी, कुणाचा उतावळा हात, काहीही त्या दांड्याला लागू शकत होतं. वायर दादांच्या दातांत गेलेलीच होती. ओठ तिच्याभोवती मिटले होते. नवऱ्याला वाटलं आपलं काम आहे, तो पुढं झाला आणि त्यानं दांडा धरला.

"म्या हाय की दादा," तो म्हणाला.

दादांचे डोळे माझ्याकडं वळले. तोंडातली वायर न काढता, घाईघाईनं, ते मला म्हणाले, "थांब."

नवरा म्हणाला, "टाकू?"

दादांनी वायर अशी थुंकली की ती समोरच्या डब्यावर आपटली. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं आहे हे लोकांना कळलंच नाही. त्यांना एवढंच दिसलं की दादा उठले, पक्कड खिशात घातली, "लोहाऱ्याला जायचंय मला," असं कुणाला तरी म्हणाले आणि गेले.

मी स्टुलावर बसून होते. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की ह्या माणसाला माझी किंमत शून्य आहे. आणि इतकी वर्षं हा माणूस स्वतःचं तोंड, जीभ, जीव माझ्या एका हातावर ठेवून निर्धास्त वायर चावत होता. सख्ख्या भावावर त्याचा भरवसा नव्हता, माझ्यावर होता. गावाला दाखवायचं ते धैर्य सगळं माझ्या हातातलं होतं. हे मला माहीत नव्हतं, आणि त्याला तर तोवर कधी कळलंच नव्हतं. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही. दया यायला त्यानं एकदा तरी माझ्याशी बोलायला हवं होतं.

मी उठले. नवऱ्याला दांडा सोडून लाईनमनला फोन लावायला सांगितलं, फ्यूज काढून कनवटीला खोचला. पिठात पडलेली थिंबलं बाजूला केली, डब्यातून नवी काढली. वायर हातात घेतली तर तिच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या, आणि ती ओली होती. तेवढा तुकडा कटरनं कापून टाकला आणि मग ती सोलली.